लाकडी विमान : ओळखीची प्रतिकृती आणि स्मरणाची प्रतिकृती

ऐतिहासिक लष्करी विमानांच्या लाकडी प्रतिकृती जमविणाऱ्यांच्या संग्रहात परस्परांशी फारसे साम्य नसलेल्या दोन वस्तू एकाच फळीवर मांडलेल्या दिसू शकतात. एक वीतभर रुंदीची, सर्वांगी काळी, चाके नसलेली, प्रॉपेलर नसलेला, आणि जिच्यावर कोणत्याही राष्ट्राचे चिन्ह नाही अशी. दुसरी महोगनीची, झिलई दिलेली, रंगविलेली, पंखांवर राष्ट्रचिन्ह आणि शेपटीवर तुकडीचा क्रमांक मिरविणारी, व खाली नावाची पट्टी ठोकलेल्या बैठकीवर उभी. विक्रेत्यांच्या यादीत दोहोंचे वर्णन 'विमानाची लाकडी प्रतिकृती' या एकाच शब्दांत होते. वस्तुतः त्यांची प्रयोजने भिन्न आहेत. पहिली वस्तू 'हे कोणते?' या प्रश्नाचे उत्तर क्षणार्धात देता यावे म्हणून घडली. दुसरी 'हेच ते' असे सांगत राहावे म्हणून. एकीचे कार्य व्यवच्छेदाचे, दुसरीचे निर्देशाचे. भाषेच्या अभ्यासकास हा भेद अपरिचित नाही. किंबहुना पहिल्या जातीच्या प्रतिकृतीचा इतिहास भाषाशास्त्रातील एका मध्यवर्ती कल्पनेशी अनपेक्षितपणे येऊन भिडतो. म्हणूनच या वरवर छंदाच्या वाटणाऱ्या विषयाचा येथे विचार करावयाचा आहे.

ओळखीच्या प्रतिकृतींची गरज कोठून उत्पन्न झाली हे प्रथम पाहिले पाहिजे. ब्रिटन दुसऱ्या महायुद्धात उतरून तीनच दिवस झाले असता, ६ सप्टेंबर १९३९ रोजी, इंग्लंडच्या आग्नेय किनाऱ्यावर शत्रूची विमाने आल्याची खोटी सूचना मिळाली आणि त्या गोंधळात ब्रिटिश स्पिटफायर विमानांनी दोन ब्रिटिश हरिकेन विमाने पाडली. एक वैमानिक मृत्युमुखी पडला. पुढे ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर जपानी हल्ला झाला. त्याच रात्री 'एंटरप्राइझ' या विमानवाहू नौकेवरील सहा वाइल्डकॅट विमाने तेथील फोर्ड बेटावर उतरू लागली असता स्वपक्षीय तोफांनी त्यांच्यावर भडिमार केला आणि तीन वैमानिकांचा अंत झाला. या दोन्ही प्रसंगी शस्त्र बरोबर चालले, नेम बरोबर लागला. चुकली ती ओळख. दिवसागणिक नव्या जातीची विमाने आकाशात येत होती, त्यांचा वेग वाढत होता, आणि पाहणाऱ्यास निर्णयासाठी मिळणारा अवधी काही सेकंदांचाच होता.

या निकडीतून १९४२ च्या आरंभी अमेरिकन नौदलाने एक विलक्षण योजना हाती घेतली. देशातील माध्यमिक शाळांतील विद्यार्थ्यांनी पन्नास जातींच्या विमानांच्या, प्रत्येकी दहा हजार याप्रमाणे, एकूण पाच लाख लाकडी प्रतिकृती तयार करून द्याव्यात असे आवाहन करण्यात आले. शाळांकडे आराखडे पाठविण्यात आले. धडाचा आडवा छेद ठिकठिकाणी कसा असावा हे तपासण्यासाठी पुठ्ठ्याचे फर्मे कापून घ्यावयाचे, लाकूड रंध्याने व पटाशीने घडवीत जावयाचे, फर्मा लावून पाहावयाचा, पुन्हा कानस फिरवावयाची, शेवटी पॉलिशपेपरने घासून काळा रंग द्यावयाचा, अशी ही पद्धत होती. शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात चौरंग किंवा पेटी करणाऱ्या मुलाच्या हाती एकाएकी सैनिकी शिक्षणाचे साधन घडविण्याचे काम आले. ब्रिटनमध्ये याची पूर्वपीठिका होती. तेथे १९३० नंतरच्या दशकात 'स्कायबर्ड्स' या नावाने लाकडी भागांचे संच विकले जात आणि हौशी मंडळी त्यांतून लहान विमाने जुळवीत असत. युद्धकाळात याच हौसेला शिस्त लागली. १९४१ पासून तर केवळ विमाने ओळखण्यास वाहिलेले 'एरोप्लेन स्पॉटर' हे नियतकालिकही तेथे निघू लागले.

या प्रतिकृतींचे प्रमाण ७२ स एक असे ठरले होते. हा आकडा प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटतो. परंतु फूट-इंचांच्या व्यवहारात तो अगदी सरळ आहे. सहा फुटांचे इंच बहात्तर. म्हणून प्रत्यक्षातील सहा फूट म्हणजे प्रतिकृतीतील एक इंच. (योगायोगाने धिप्पाड माणसाची उंचीही तेवढीच, त्यामुळे या प्रमाणात वैमानिक बरोबर इंचभर होतो.) या प्रमाणाचा शिक्षणात निश्चित उपयोग होता. पस्तीस फुटांवर टांगलेली प्रतिकृती डोळ्यास जेवढी दिसते, तेवढेच खरे विमान पस्तीसच्या बहात्तर पट अंतरावरून, म्हणजे २५२० फुटांवरून, सुमारे अर्ध्या मैलावरून दिसते. वर्गाच्या एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत आकाशाचा अर्धा मैल अशा रीतीने सामावला जात असे.

काळ्या रंगाचे कारणही याच विचारात आहे. आकाशाच्या उजळ पार्श्वभूमीवर विमान पाहिले असता त्याचा रंग बहुधा कळत नाही. राष्ट्रचिन्ह दिसू लागेपर्यंत निर्णयाची वेळ निघून गेलेली असते. उरते ती छायाकृती. म्हणून प्रतिकृतीत तेवढीच ठेवली. चाके उड्डाणात बहुतेक जातींत पोटात घेतलेली असतात, म्हणून ती गाळली. फिरता प्रॉपेलर दिसत नाही, म्हणून तोही गाळला. आजच्या खरेदीदारास ही प्रतिकृती अपुरी, 'अर्धवट राहिलेली' वाटण्याचा संभव आहे. परंतु व्याकरणकारांना ज्या लाघवाचा अभिमान असे, तेच लाघव येथे आहे. जे भेद दाखवीत नाही ते गाळावयाचे, आणि जे ठेवावयाचे ते मात्र केसभरही चुकू द्यावयाचे नाही.

येथे एक प्रश्न उभा राहतो. छायाकृतीच शिकवावयाची तर कागदावर काढलेली का पुरू नये? तशी चित्रे पुष्कळ छापली गेलीही. पण चित्रात विमानाचे एकच रूप येते. फार तर खालून, बाजूने व समोरून अशी तीन. आकाशातील विमान मात्र यांपैकी नेमक्या कोणत्याच रूपात दिसत नाही. ते तिरपे असते, वळत असते, चढत असते. लाकडी प्रतिकृती हातात धरून फिरविता येते, आणि फिरविताना तिची सर्व रूपे एकामागून एक डोळ्यांपुढून जातात. नुसते प्रातिपदिक पाठ करणे आणि सर्व विभक्तींतील रूपे ओळखता येणे यांत जे अंतर, तेच चित्र व प्रतिकृती यांत आहे.

हे अंतर केवळ सैद्धान्तिक नव्हे. ब्रिटिश 'हॉकर टायफून' आणि जर्मन 'फोके-वुल्फ १९०' यांचे उदाहरण बोलके आहे. बाजूने पाहिल्यास दोहोंत घोटाळा होण्याचे कारण नाही. टायफूनच्या नाकाखाली रेडिएटरची मोठी हनुवटी लोंबते. फोके-वुल्फचे नाक वाटोळे असून तेथे हनुवटी नाही. पण वरून किंवा खालून पाहिले, की हनुवटी धडाच्या बाह्यरेषेत लपते आणि दोन आखूड नाकांची, खाली जोडलेल्या पंखांची विमाने सारखी भासू लागतात. पंखांच्या रुंदीत फरक आहे खरा. टायफूनची रुंदी १२.६७ मीटर, तर फोके-वुल्फची सुमारे १०.५ मीटर, बहात्तरांश प्रमाणात हा फरक तीन सेंटिमीटर, म्हणजे हातात सहज कळण्यासारखा. आकाशात मात्र अंतर ठाऊक नसल्यामुळे जवळचे लहान आणि दूरचे मोठे यांत भेद करता येत नाही. स्वपक्षाच्या तोफांनी व विमानांनी टायफूनवर मारा केल्याच्या घटना घडल्या, आणि १९४२ च्या अखेरीस टायफूनच्या पंखांखाली काळे-पांढरे पट्टे रंगविण्याची पाळी आली. त्रुबेत्स्कॉय यांनी स्वनिमांच्या बाबतीत जो भेदलोप वर्णिला त्याच्याशी याची तुलना करता येईल. दोन घटकांतील भेद सर्वत्र टिकत नाही, विशिष्ट स्थानी तो नाहीसा होतो. मराठीत शब्दाच्या अंती ऱ्हस्व व दीर्घ इकार यांचा भेद अर्थभेदास कारण होत नाही, आणि लिहिताना तेथे दीर्घच लिहिण्याचा प्रघात आहे. फरक इतकाच की शब्दान्ती होणाऱ्या भेदलोपाने कोणाचा जीव जात नाही.

टेहळणी करणाऱ्यांना ओळख कशी शिकवावी याविषयी त्या काळी दोन मते होती. पहिले मत पृथक्करणाचे. पंख, इंजिन, धड व शेपूट हे चार अवयव क्रमाने पाहावेत आणि प्रत्येकाचे लक्षण स्मरावे. या चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून या पद्धतीस 'वेफ्ट' असे नाव पडले होते. पद्धत सुबोध, परंतु तीत दोन प्रकारची संकटे होती, आणि त्यांचे वर्णन न्यायशास्त्राच्या परिभाषेतच उत्तम होते. 'ज्याचा पंख लंबवर्तुळाकार ते स्पिटफायर' हे लक्षण घेतले, तर टोके छाटलेल्या पंखांचे स्पिटफायर त्यातून सुटते, ही अव्याप्ती. उलट, जपानी 'आयची डी३ए' या बाँबफेक्या विमानाचा पंखही लंबवर्तुळाकारच असल्यामुळे लक्षण तेथे जाऊन बसते, ही अतिव्याप्ती. 'मुळाशी खाली वाकून मग वर गेलेला पंख' एवढेच सांगितले, तर जर्मन स्टुका आणि अमेरिकन कॉर्सेअर एकाच पंक्तीत येतात. स्टुकाची न मिटणारी चाके सांगितली म्हणजे कोठे व्यवच्छेद होतो. एका लक्षणाने काम भागत नाही, लक्षणांचा समुच्चय लागतो, हा धडा टेहळ्यांना आकाशाखाली मिळत होता.

दुसरे मत ओहायो राज्य विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ सॅम्युअल रेनशॉ यांचे. शिकणाऱ्याने अवयव मोजीत बसू नये, संपूर्ण आकृती एका दृष्टिक्षेपात घ्यावी, असे त्यांचे प्रतिपादन होते. त्यासाठी ते विमानांची चित्रे पडद्यावर सेकंदाच्या अत्यल्प अंशापुरती, शतांशापर्यंत, चमकवीत. अमेरिकन नौदलाने १९४२ मध्ये ही पद्धत स्वीकारली आणि त्याच विद्यापीठात ओळखीचे शिक्षक तयार करण्याचे केंद्र निघाले. अक्षरे जुळवीत न बसता पूर्ण शब्द एकदम वाचावा, असा प्राथमिक वाचनशिक्षणातील जो पक्ष, त्याचेच हे हवाई रूप होय. त्या पक्षाप्रमाणेच याही मताचे आकर्षण दांडगे होते, कारण निष्णात वाचक व निष्णात टेहळ्या खरोखरच तसे करताना दिसतात. निष्णात मनुष्य शेवटी जे करतो ते नवशिक्याने प्रथम करावे, हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही; आणि या मताचा दुबळेपणा तेथेच होता.

दोहोंची प्रत्यक्ष तुलना अमेरिकन लष्करी हवाई दलात काम करणाऱ्या मानसशास्त्रज्ञांनी केली. जेम्स गिब्सन यांनी संपादिलेल्या व १९४७ साली प्रसिद्ध झालेल्या अहवालात त्यांनी व रॉबर्ट गान्ये यांनी केलेल्या प्रयोगांचे वृत्त आहे. एका गटास संपूर्ण आकृतीवर भर देऊन शिकविले, दुसऱ्यास जातीजातींतील भेद दाखविणारी लक्षणे नेमकी निवडून शिकविले. दुसरा गट सरस ठरला. कथा येथेच संपती तर तिचे स्थान लष्करी शिक्षणाच्या इतिहासापुरते राहिले असते. परंतु १९५२ साली रोमान याकोब्सन यांनी फान्त व हाले यांच्या सहकार्याने स्वनिमांच्या व्यवच्छेदक लक्षणांचा सिद्धान्त मांडला, आणि पुढे जेम्स गिब्सन यांच्या पत्नी, प्रख्यात मानसशास्त्रज्ञ एलिनॉर गिब्सन, यांनी आपल्या १९६९ च्या ग्रंथात संवेदनात्मक शिक्षणाची उपपत्ती सांगताना ही कल्पना याकोब्सन-हाले यांच्याकडून उघडपणे घेतली. मूल अक्षरे वेगळी करण्यास कसे शिकते आणि सैनिक विमाने वेगळी करण्यास कसा शिकतो, हे दोन्ही प्रश्न तेथे एकाच सूत्राने बांधले गेले. व्यवच्छेदक लक्षणांची कल्पना ध्वनिविचाराच्या बाहेर कोठवर पोचली हे शोधणाऱ्या विद्यार्थ्याने तिच्या वाटेवर लागणारे हे काळे लाकडी विमान दुर्लक्षू नये.

आकाराच्या ओळखीस अर्थातच मर्यादा होत्या. ११ जुलै १९४३ च्या रात्री सिसिलीवर छत्रीधारी सैनिक घेऊन निघालेल्या १४४ अमेरिकन वाहतूक विमानांवर स्वपक्षाच्याच नौकांनी व जमिनीवरील तोफांनी मारा केला आणि २३ विमाने नष्ट झाली. अंधारात छायाकृती काय सांगणार? त्या अनुभवाची आठवण ताजी असतानाच जून १९४४ मध्ये नॉर्मंडीच्या स्वारीसाठी मित्रपक्षाच्या बहुतेक विमानांवर, चार इंजिनांची अवजड बाँबफेकी विमाने वगळून, तीन पांढरे व दोन काळे असे पाच पट्टे रंगविण्यात आले. एका इंजिनाच्या विमानांवर प्रत्येक पट्टा अठरा इंच रुंदीचा. हे पट्टे म्हणजे रूपावर भरवसा न ठेवता वरून लावलेले चिन्ह. राष्ट्रचिन्हांचीही अशीच डागडुजी चालली होती. जपानी विमानांवरील लाल बिंबाशी गल्लत होऊ नये म्हणून अमेरिकेने मे १९४२ मध्ये आपल्या ताऱ्यामधील लाल ठिपका काढून टाकला. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ब्रिटिश व भारतीय विमानांच्या वर्तुळचिन्हातील लाल रंगही त्याच कारणास्तव गेला. जो रंग युरोपच्या आकाशात निरुपद्रवी, तोच पूर्वेकडे शत्रुवाचक झाला. चिन्हाचा अर्थ त्याच्या अंगी नसून शेजारच्या चिन्हांशी असलेल्या भेदात असतो, या सोस्यूरच्या म्हणण्यास याहून सुबक उदाहरण शोधूनही सापडणे कठीण.

काळ्या लाकडी प्रतिकृतींचे राज्य फार काळ टिकले नाही. युद्धकाळातच शिकागोच्या क्रूव्हर कंपनीने सेल्युलोज ॲसिटेटच्या साच्यातील प्रतिकृती मोठ्या संख्येने पुरविण्यास आरंभ केला. साच्यातून सर्व नमुने एकसारखे निघत. शिक्षणाच्या दृष्टीने ही सोय मोठी होती. परंतु कालान्तराने हे द्रव्य आकसते व पिळवटते, आणि आज अशा कित्येक प्रतिकृतींचे पंख वाकलेले दिसतात. ज्या वस्तूचे सारे सत्त्व बाह्यरेषेत, तिची बाह्यरेषाच ढळावी हा दैवदुर्विलास म्हणावा. लाकूड तडकते, पण आपली रेषा त्या मानाने राखते. लाकडाविषयी आणखी एक गोष्ट प्रसंगोपात्त सांगण्यासारखी आहे. धातूच्या विमानाची लाकडी प्रतिकृती म्हणजे नेहमी द्रव्यांतर असते. ब्रिटिश 'मॉस्किटो' मात्र स्वतःच बाल्सा व बर्चच्या पातळ फळ्यांचे घडविलेले, आणि ते घडविण्यात फर्निचर करणाऱ्या कारागिरांचा हात होता. त्याच्या लाकडी प्रतिकृतीस प्रतिकृती म्हणावे की लहान भाऊ, हा वाद रंजक ठरेल.

स्मरणाच्या प्रतिकृतींचे कूळ निराळे. त्यांतील सर्वांत प्रसिद्ध फिलिपाइन्समधील पांपांगा प्रांतातल्या. या प्रांतात लाकडावरील कोरीव कामाची जुनी परंपरा आहे. तेथील आंजेलिस नगराशेजारी अमेरिकेचा क्लार्क हा मोठा विमानतळ होता. बदली होऊन जाणारा वैमानिक आपण चालविलेल्या विमानाची हाताने कोरलेली प्रतिकृती सोबत नेई, आणि या मागणीवर कारागिरांची घरे चालत. १९९१ मध्ये पिनातुबो ज्वालामुखीचा उद्रेक होऊन त्याच वर्षी अमेरिकनांनी तळ सोडला. तथापि धंदा बुडाला नाही, परदेशी ग्राहकांसाठी तो चालू राहिला. या प्रतिकृती 'महोगनीच्या' म्हणून विकल्या जातात, आणि येथेही शब्दाविषयी सावध असावे. 'फिलिपाइन महोगनी' हे व्यापारी नाव असून ते मुख्यतः लाउआन जातीच्या लाकडास दिलेले आहे. अमेरिकेतील खऱ्या महोगनीशी त्याचा कुळसंबंध नाही, उलट भारतातील साल वृक्षाशी आहे.

स्मरणाच्या प्रतिकृतीचे व्याकरण ओळखीच्या प्रतिकृतीच्या नेमके उलट असते. येथे बाह्यरेषा थोडी सैल चालते, प्रमाण ७२ स एक असण्याची सक्ती नसते, मेजावर शोभेल तेवढा आकार घेतला जातो. सक्ती असते ती रंगाची, क्रमांकाची, चिन्हाची. कारण तिला जात सांगावयाची नसून व्यक्ती सांगावयाची असते. ती सामान्यनाम नव्हे, विशेषनाम आहे. भारतीय हवाई दलाच्या स्पिटफायरची अथवा टेंपेस्टची प्रतिकृती घ्या. तिच्यावर अशोकचक्राचे वर्तुळचिन्ह असले, तर ती १९४७ ते १९५० या काळातील विमान दाखविते. तिरंगी वर्तुळे असली तर त्यानंतरचे. लाकूड तेच, आकार तोच. काळ बोलतो तो केवळ रंगातून.

या दोन व्याकरणांची सरमिसळ होते तेव्हा हानी होते, आणि ती पहिल्या जातीचीच होते. काळी प्रतिकृती हाती आलेल्या हौशी मनुष्यास ती 'पूर्ण' करण्याचा मोह पडतो. तो तिला घासतो, प्रॉपेलर बसवितो, रंगवितो. शाळकरी मुलांनी एकाच आराखड्यावरून घडविलेल्या या प्रतींत हस्तलिखितांतल्याप्रमाणे पाठभेद आहेत. कोठे पंखाची कड जाड राहिली, कोठे शेपटीचा कोन चुकला, कोठे पटाशी घसरल्याची खूण रंगाखाली दिसते. पंखाखाली विमानाच्या जातीचे नाव, क्वचित् शाळेची नोंदही असते. नव्या रंगाच्या पहिल्या हाताबरोबर हे सर्व नाहीसे होते. समजा, १९४२ साली एखाद्या शाळेत घडलेल्या काळ्या स्पिटफायरवर नंतरच्या मालकाने नॉर्मंडीचे पाच पट्टे सुबकपणे काढले. लाकूड १९४२ सांगते, पट्टे १९४४ सांगतात, आणि ज्या काळ्या रंगामुळे ती वर्गात पस्तीस फुटांवर टांगली गेली तो कोठेच उरत नाही. वॉशिंग्टनचे राष्ट्रीय हवाई व अंतराळ संग्रहालय आणि लंडनचे इंपीरियल वॉर म्यूझियम यांच्या संग्रहांत ओळखीच्या प्रतिकृती जतन केलेल्या आहेत. खाजगी संग्राहकाने अशी प्रतिकृती नोंदविताना रुंदी मिलिमीटरपर्यंत मोजावी, तिला बहात्तरने गुणून मूळ विमानाच्या रुंदीशी ताडून पाहावे, खालची अक्षरे जशीच्या तशी उतरवून घ्यावीत, आणि काळ्या रंगास हात लावू नये.